दाहाचें चौथें लक्षण

पांच वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या मातोश्रींस वयाच्या ब्याऐंशींव्या वर्षीं नागीण झाली. डाव्या बरगड्यांवरून पाठीपर्यंत पाण्यानें भरलेल्या फोडांचा पट्टा उठला. शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं नागिणीचीं दोन तोंडें एकमेकांस मिळूं देऊं नका म्हणून बजावलें व गेरूचा लेप सुचविला. डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी जवळजवळ पूर्ववत् झाली, आणि घरांतील सर्वांस हायसें वाटलें. परंतु मातोश्रींची आग कांहीं गेली नाहीं. लुगड्याचा पदर त्या जागेस नुसता लागला तरी त्या कळवळत. पंख्याचा वारा त्यांस सोसवेना. आम्ही त्यांस एका नांवाजलेल्या तज्ज्ञाकडे घेऊन गेलों. त्यानें ती जागा नीट निरखून पाहिली, बोटानें दाबून पाहिली, आणि आम्हांस बाजूस घेऊन सांगितलें कीं, आतां तेथें कांहीं एक नाहीं. वृद्धपणीं मन असें एकाच गोष्टीस धरून बसतें. मातोश्रींनीं दाराआडून हें ऐकलें होतें. घरीं परत येतांना वाटेंत त्या एवढेंच म्हणाल्या, "त्यांना दिसत नाहीं, म्हणून मला दुखत नाहीं होय?"

आमचा धंदा इतिहास शिकविण्याचा. वैद्यकाशीं आमचा संबंध आला तो रोग्याच्या किंवा रोग्याच्या मुलाच्या नात्यानें काय तो. तथापि ह्या प्रश्नानें आम्हांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. दाह, वेदना आणि ज्ञानतंतूंस होणारी इजा ह्यांसंबंधीं जें जें वाङ्मय हातीं लागलें तें तें आम्ही फावल्या वेळीं वाचीत गेलों. वाचतां वाचतां आमची अशी खात्री झाली कीं, ह्या शास्त्राचा इतिहास हा केवळ सूक्ष्मदर्शकांचा व रसायनांचा इतिहास नव्हे. कोणाचा शब्द खरा मानावयाचा, ह्या जुन्या वादाचाहि तो इतिहास आहे.

पहिल्या शतकांतील केल्सस ह्या रोमन ग्रंथकारानें दाहाचीं चार लक्षणें सांगून ठेविलीं आहेत: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. वैद्यकाचे विद्यार्थी हीं चार नांवें आजहि लॅटिन भाषेंत पाठ करतात. आपल्याकडील विद्यार्थ्यांचीहि त्यांतून सुटका नाहीं. ह्या चौकडीकडे जरा बारकाईनें पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. लाली वैद्याच्या डोळ्यांस दिसते, सूज त्याच्या बोटांस लागते, उष्णता त्याच्या तळहातास कळते. चौथें लक्षण मात्र वैद्याच्या कोणत्याहि इंद्रियास गोचर नाहीं. तें एकट्या रोग्यास ठाऊक. वैद्यास तें कळावयाचें तें रोग्यानें सांगितलें तर, आणि वैद्यानें तें खरें मानलें तर.

आपल्या सुश्रुतानें ह्या बाबतींत कान अधिक उघडे ठेविले होते असें आम्हांस वाटतें. सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायांत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा अवस्था त्यानें सांगितल्या आहेत. त्यांपैकीं मधल्या अवस्थेचें वर्णन करतांना तो रोग्याच्या तोंडच्या उपमांची माळच पुढें ठेवतो. सुया टोंचल्याप्रमाणें, मुंग्या चावल्याप्रमाणें, विंचवानें डंख केल्याप्रमाणें दुखतें. बसतां, उठतां, निजतां चैन पडत नाहीं. रोग्याच्या उशाशीं बसून त्याचें बोलणें ऐकल्यावांचून असें लिहितां येणार नाहीं. सुश्रुतास ज्ञानतंतूंचें आजच्यासारखें ज्ञान नव्हतें, आणि तें होतें असें ओढूनताणून सिद्ध करण्याचा जो उद्योग आपल्याकडे अधूनमधून चालतो त्यांत आम्हांस गोडी नाहीं. त्याचें ऐकणें मात्र अस्सल होतें.

पहिल्या तीन लक्षणांचा उलगडा एकोणिसाव्या शतकांत झाला, आणि तो फार मौजेचा आहे. १८६७ सालीं बर्लिन येथें कोनहाइम ह्यानें जिवंत बेडकाच्या शरीरांतील पातळ पडदे सूक्ष्मदर्शकाखालीं पसरून ठेवले. दाह सुरू होतांच बारीक रक्तवाहिन्या फुगतात, रक्ताचा वेग मंदावतो, आणि पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीस चिकटून हळूहळू तींतून बाहेर पडतात, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. पुढें १८८२ त सिसिली बेटांतील मेसिना गांवीं मेचनिकॉफ ह्या रशियन प्राणिशास्त्रज्ञानें तारामाशाच्या कांचेसारख्या पारदर्शक पिलांच्या अंगांत गुलाबाचे कांटे टोंचले. दुसऱ्या दिवशीं पाहतो तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! दाह म्हणजे शरीराची निव्वळ बिघाडाची स्थिति नसून तें शरीराचें संरक्षणाचें कार्य आहे, ही कल्पना ह्या कांट्यांतून निघाली. लाली कशानें, सूज कशानें, उष्णता कशानें, ह्यांचीं उत्तरें मिळालीं. वेदनेबद्दल मात्र एवढेंच म्हटलें जाई कीं, सुजेचा दाब ज्ञानतंतूंच्या टोंकांवर पडतो आणि म्हणून दुखतें.

ह्या उत्तरामागें देकार्ताचें एक चित्र उभें होतें. त्याच्या मृत्यूनंतर १६६४ त फ्रेंचमध्यें प्रसिद्ध झालेल्या मनुष्यदेहावरील ग्रंथांत विस्तवाजवळ पाय गेलेल्या एका मुलाची आकृति आहे. पायापासून मेंदूपर्यंत एक दोरी गेली आहे. विस्तवाचा चटका दोरी ओढतो आणि देवळांतील घंटेप्रमाणें मेंदूंत घंटा वाजते. कल्पना सुटसुटीत; तिनें तीनशें वर्षें राज्य केलें ह्यांत नवल नाहीं. परंतु तिच्या पोटीं एक निर्दय निष्कर्ष दडला होता. दोरी ओढणारें कोणी नसेल तर घंटा वाजतां कामा नये. जखम भरली असतांहि जो दुखतें म्हणतो, तो खोटें तरी बोलत असला पाहिजे, किंवा वेडा तरी. आमच्या मातोश्रींस तपासणारे तज्ज्ञ ह्याच दोरीस धरून होते.

शिवाय ज्ञानतंतु ही कांहीं निर्जीव दोरी नव्हे. १८५० त ऑगस्टस वॉलर ह्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें बेडकाच्या जिभेवरील प्रयोग मांडला. ज्ञानतंतु मध्येंच कापला तर मूळ पेशीपासून तुटलेला भाग कांहीं दिवसांत कुजून विरून जातो. पेशीशीं जोडलेला भाग जिवंत राहतो. म्हणजे तंतु हा पेशीचाच लांबलेला हात होय, आणि तो तोडला असतां पेशीसहि त्याची खबर लागते. ती खबर लागल्यावर पेशी काय करते, हा प्रश्न विचारण्यास पुढें दुसऱ्या एका ठिकाणच्या लढाईंत माणसें जखमी व्हावीं लागलीं.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६१ पासून १८६५ पर्यंत चाललें. तत्कालीन बंदुकीच्या जड, मऊ शिशाच्या गोळ्या हातापायांतून जात तेव्हां ज्ञानतंतू फाटून जात. अशा सैनिकांसाठीं फिलाडेल्फियांतील टर्नर्स लेन येथें सुमारें ४०० खाटांचें एक स्वतंत्र रुग्णालय काढण्यांत आलें, आणि तेथें सायलस वेअर मिचेल, मोरहाउस व कीन ह्या तिघांनीं काम केलें. १८६४ त त्यांचें ज्ञानतंतूंच्या जखमांवरील लहानसें पुस्तक निघालें. १८७२ त मिचेलनें एकट्यानें मोठा ग्रंथ लिहिला. रुक्ष वैद्यकीय ग्रंथ म्हणून आम्ही हीं पुस्तकें उघडलीं आणि वाचतांना आम्हांस हातांतून खालीं ठेववेनात. जखम केव्हांच भरून आलेली आहे. परंतु तळहात किंवा तळपाय लालबुंद, तुकतुकीत होऊन अखंड जळतो आहे. रोगी ओला फडका क्षणभर दूर करूं देत नाहीं. एकजण तर बुटांतच पाणी ओतून घेई. कोरड्या हाताचा स्पर्श असह्य. एवढेंच नव्हे तर कोणी वर्तमानपत्राचें पान उलटलें, कोणी खोलींतून चालत गेला, बाहेर पलटणीचें वाद्य वाजलें, कीं त्या धक्क्यानें ती आग भडके. शूर म्हणून नांवाजलेला शिपाई त्यामुळें भित्र्या पोरासारखा होई. ह्या विकारास मिचेलनें ग्रीक शब्दांवरून 'कॉझॅल्जिया', म्हणजे जळती वेदना, असें नांव दिलें. पदराच्या स्पर्शानें कळवळणाऱ्या मातोश्रींची ओळख आम्हांस ह्या पानांत पटली.

मिचेलच्या मनाचा मोठेपणा आम्हांस ह्यांत दिसतो कीं, त्याला कारण दिसत नव्हतें तरी त्यानें वेदना खरी मानली. हें सोपें नव्हतें. युद्धाच्या दिवसांत लढाईवर जाणें टाळण्यासाठीं दुखण्याचें सोंग करणारे शिपाईहि त्याच रुग्णालयांत येत असत, आणि त्यांस ओळखावें कसें ह्यावर ह्याच तिघांनीं १८६४ सालीं एक निबंध लिहिला आहे. ईथरची गुंगी चढत असतांना किंवा उतरतांना सोंग गळून पडतें, असें त्यांस आढळलें. एकाच हातानें संशयहि घ्यावयाचा आणि विश्वासहि ठेवावयाचा, अशी ही कसरत होती.

तुटून गेलेला पाय दुखतो म्हणणाऱ्यांची गोष्ट तर त्याहून चमत्कारिक. मिचेलनें ती प्रथम शास्त्रीय मासिकांत न मांडतां १८६६ च्या जुलैंत 'अॅटलांटिक मंथली' ह्या वाङ्मयीन मासिकांत निनांवी कथा म्हणून छापविली. चारी हातपाय गमावलेल्या जॉर्ज डेड्लो नांवाच्या कल्पित अधिकाऱ्याची ती आत्मकथा वाचकांस इतकी खरी वाटली कीं, त्याच्यासाठीं लोकांनीं पैसे पाठविले! पुढें १८७१ त 'भूत-अवयव' ह्या अर्थाचा शब्द मिचेलनेंच रूढ केला. वैद्यास जें आपल्या बिरादरींत सांगण्याचा धीर होईना, तें त्यानें कथेच्या पडद्याआडून सांगितलें, असें आम्ही समजतों.

येथवर मिचेलची थोरवी सांगितली. परंतु इतिहास लिहिणारास अर्धें पान वाचून ग्रंथ मिटतां येत नाहीं. ह्याच मिचेलनें पुढें थकलेल्या, दुखण्याईत स्त्रियांसाठीं 'विश्रांतीचा उपचार' काढला: आठवडेच्या आठवडे बिछान्यांत पडून राहावयाचें, दूध प्यावयाचें, वाचावयाचें नाहीं, लिहावयाचें नाहीं, आणि वैद्य सांगेल तें निमूटपणें मानावयाचें. १८८७ त शार्लट पर्किन्स गिलमन ह्या बाई त्याच्या उपचाराखालीं होत्या. लेखणीस हात लावूं नका, अशी त्यांस आज्ञा झाली. त्यांनीं घरीं जाऊन कांहीं महिने ती पाळली, वेड लागण्याची पाळी आली तेव्हां झुगारून दिली, आणि १८९२ त 'द यलो वॉलपेपर' ही कथा प्रसिद्ध केली. शिपायाच्या तोंडचा शब्द न् शब्द टिपून घेणाऱ्या ह्या पुरुषास स्त्रीचा शब्द ऐकण्याजोगा वाटला नाहीं. ह्या गोष्टीकडे आम्हांस पुन्हां एकदां यावें लागणार आहे.

आतां इंग्लंडकडे वळूं. कारण नागिणीचें मूळ शोधणारा गृहस्थ तेथला. हेन्री हेड ह्यानें कँपबेल ह्याच्यासह १९०० सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत नागीण झालेल्या मृतांचे पृष्ठरज्जूलगतचे ज्ञानतंतूंचे गड्डे तपासले आणि दाखविलें कीं, फोडांचा पट्टा ज्या तंतूंच्या हद्दींत उठतो त्या तंतूंच्या मूळ पेशींच्या गड्ड्यांतच दाह होऊन गेलेला असतो. लहानपणीं कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणु ह्या गड्ड्यांत दडून बसतो आणि वृद्धपणीं शरीराची प्रतिकारशक्ति ढिली पडली कीं उठतो, हें पुढें कळलें. म्हणजे कातडीवरील नागीण ही केवळ वरची खूण. खरी आग लागलेली असते ती मणक्याजवळ, जेथें डोळा पोंचत नाहीं तेथें. कातडी बरी झाली तरी भाजलेल्या पेशी भाजलेल्याच राहतात.

हेडची अडचण अशी होती कीं, ज्ञानतंतु तुटलेले रोगी काय वाटतें तें नेमकें सांगूं शकत नसत. त्यांस थकवा येई, शब्द सांपडत नसत, आणि विचारणाराच्या मनांत काय आहे तें ओळखून ते उत्तर देत. मग त्यानें ठरविलें कीं, रोगी आपणच व्हावें. २५ एप्रिल १९०३ रोजीं त्यानें आपल्या डाव्या हातांतील कातडीकडे जाणारे दोन ज्ञानतंतू शस्त्रवैद्याकडून कापवून पुन्हां शिवून घेतले. पुढें चार वर्षें सुटीच्या दिवशीं तो केंब्रिजला जाई आणि सेंट जॉन्स कॉलेजांत रिव्हर्स ह्या मित्राच्या खोलींत डोळे मिटून बसे. रिव्हर्स कापसानें, टांचणीनें, बर्फानें, ऊन पाण्याच्या नळीनें त्याचा हात तपाशी, आणि हेड काय वाटतें तें सांगे. प्रथम परत आली ती एक ओबडधोबड, पसरट, किळसवाणी वेदना, जिचें ठिकाणहि धड सांगतां येत नव्हतें. हलक्या स्पर्शाची नाजूक जाणीव त्यानंतर फार उशिरां आली. ह्यावरून १९०८ त त्यांनीं ज्ञानतंतूंच्या दोन निरनिराळ्या व्यवस्था असल्याचा सिद्धांत मांडला. तो टिकला नाहीं. ट्रॉटर आणि डेव्हिस ह्या दोघां शस्त्रवैद्यांनीं १९०९ त स्वतःच्याच अंगावरील ज्ञानतंतू कापून घेऊन त्यास विरोध केला. शास्त्रांतील वाद मिटविण्याची ही तऱ्हा आजच्या विद्वत्परिषदांस परवडणार नाहीं! सिद्धांत गेला, परंतु वैद्यास रोग्याचा शब्द कळावा म्हणून त्यानें स्वतःचा हात द्यावा, हें उदाहरण शिल्लक राहिलें.

दाह ज्ञानतंतूस दुखवितो, हें येथवर स्पष्ट झालें. ज्ञानतंतूच दाह उत्पन्न करतो, ही उलटी बाजू उजेडांत येण्यास आणखी बराच काळ लागला. १९०१ त बेलिस ह्यानें पृष्ठरज्जूकडे बातमी नेणारीं ज्ञानतंतूंचीं मुळें विजेनें चेतवून पाहिलीं, तों पायांतील रक्तवाहिन्या फुगल्या. जासुदानें बातमी घेऊन यावें हें ठीक, पण हा जासूद उलट्या वाटेनें जाऊन गांवांत आगहि लावतो! ह्याचा पुरता छडा हंगेरींतील सेगेद येथें मिक्लोश यान्चो ह्यानें लावला, आणि त्याचें साधन आपल्या स्वयंपाकघरांतलें होतें. मिरची ही मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनीं ती गोव्याच्या वाटेनें आपल्याकडे आणली आणि ती हंगेरींतहि तितकीच रुळली. मिरचीचें तिखट सत्त्व कातडीस लागलें कीं जागा लाल होते, सुजते, जळते. मसाल्यासाठीं मिरच्या कांडणाऱ्या बायकांस हें कोणी शिकवावयास नको. यान्चोनें दाखविलें कीं, त्या जागेचा ज्ञानतंतु आधीं कापून विरून जाऊं दिला तर तीच लाली व तीच सूज येत नाहीं. तसेंच हें सत्त्व भरपूर दिलें तर वेदनेचे तंतू थकून मुके होतात व मोहरीच्या तेलासारख्या दाहक पदार्थांनाहि जुमानीत नाहींत. १९६६ त तो वारला. त्याची पत्नी आउरेलिया व शिष्य सोल्चानी ह्यांच्यासह लिहिलेला त्याचा मुख्य निबंध १९६७ त निघाला. मिचेलच्या शिपायांचे ते लाल, तुकतुकीत तळहात ह्या प्रयोगानंतर निराळ्या दृष्टीनें पाहतां येतात. मिरचीचें सत्त्व तंतूच्या कोणत्या दारांतून आंत शिरतें, तें दार १९९७ त डेव्हिड ज्युलियस ह्यानें शोधून काढलें. कढत उष्णतेनेंहि तेंच दार उघडतें, आणि म्हणूनच तिखट आपणांस 'जाळतें'. ह्याबद्दल २०२१ चें नोबेल पारितोषिक त्यास पातापूशियन ह्याच्या जोडीनें मिळालें.

ज्ञानतंतूंच्या दाहाचें एक उलटें उदाहरण मात्र आमच्या मराठी वाचकांच्या अगदीं जवळचें आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकविणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर, म्हणजे ग्रेच्या प्रसिद्ध शारीर-ग्रंथांतील आकृत्या काढणारा तोच, ह्यानें महारोगाचा कसून अभ्यास करून १८७४ त त्यावर ग्रंथ लिहिला. पुढें मुंबईंतच डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनीं ह्या रोगाच्या जंतूंची ज्ञानतंतूंशीं असलेली जवळीक सूक्ष्मदर्शकाखालीं उलगडली. येथें तंतु सुजतो, जाड होतो, आणि शेवटीं बधिर होतो. वेदना जातेच. १९४६ पासून वेलोर येथें काम करणाऱ्या पॉल ब्रँड ह्यानें दाखविलें कीं, रोग्याचीं बोटें झडतात तीं रोगानें खाल्लेलीं नसतात. चूल, खिळा, बोचणारें पायतण, ह्यांची वर्दी देणारी वेदना उरली नाहीं म्हणून तीं झिजतात. वेदना नाहीशी झाली म्हणजे काय होतें हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें ते हात पाहावे.

असो. वेदनाशामकांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १८९७ त बायर कंपनींत हॉफमन ह्यानें अॅस्पिरिनचें सत्त्व शुद्ध रूपांत तयार केलें, आणि तें शरीरांतील प्रोस्टाग्लँडिन नांवाच्या दाहकारक द्रव्यांची उत्पत्ति थांबवितें हें जॉन व्हेन ह्यानें १९७१ त दाखविलें, एवढें सांगून आम्ही पुढें जातों. मातोश्रींच्या आगीवर ह्या गोळ्यांचा कांहींच उपयोग झाला नाहीं, कारण ती आग त्या जातीची नव्हती.

देकार्ताची दोरी खरी तुटली ती १९६५ त. मेल्झॅक आणि वॉल ह्यांनीं असें मांडलें कीं, पृष्ठरज्जूंत एक दरवाजा आहे; खालून येणारी बातमी तेथें अडते, सुटते, वाढते किंवा कमी होते, आणि वरून मेंदूहि त्यावर हुकूम चालवितो. त्यांच्या दरवाजाची रचना तपशिलांत चुकली, तरी घंटेची उपमा कायमची गेली. नंतर १९८३ त क्लिफर्ड वुल्फ ह्यानें उंदराच्या पायास इजा करून पाहिलें तों पृष्ठरज्जु स्वतःच हळवा झाला. पायाकडून येणारी बातमी औषधानें बंद केली तरी तो हळवेपणा टिकून राहिला. जखम भरली तरी दुखतें म्हणणारांचें म्हणणें खरें ठरण्यास मिचेलनंतर शंभरावर वर्षें जावीं लागलीं.

ह्यानंतर संशोधनाचा ओघ मुख्यतः उंदरांकडे वळला. १९८८ त बेनेट आणि शिये ह्यांनीं उंदराच्या मांडींतील मोठ्या ज्ञानतंतूभोंवतीं दोऱ्याच्या सैल गांठी बांधून तंतूच्या इजेचा नमुना तयार केला. तेव्हांपासून हजारों प्रयोगशाळांत जाळीवर उंदीर ठेवून खालून केसासारख्या तंतूनें त्याचा पाय टोंचतात आणि तो पाय केव्हां उचलतो तें मोजतात. हे केस १८९६ च्या सुमारास फॉन फ्राय ह्यानें प्रथम माणसांसाठीं वापरले होते. माणूस निदान बोलत तरी असे. मुका प्राणी दुखतें म्हणत नाहीं, म्हणून पाय उचलणें हीच वेदना असें धरून चालावें लागलें. आमच्या अल्पमतीप्रमाणें येथें एक जुनीच युक्ति पुन्हां योजिली गेली: चौथ्या लक्षणास पहिल्या तीन लक्षणांसारखें डोळ्यांनीं दिसणारें बनविण्याची. तिची किंमतहि द्यावी लागली. १९३१ त सांपडलेलें 'सबस्टन्स पी' हें वेदनेच्या तंतूंतील द्रव्य अडविणारीं औषधें प्राण्यांत नामी ठरलीं. माणसांस दिलीं तेव्हां त्यांचें दुखणें होतें तसेंच राहिलें. त्यांतलें एक पुढें वांतीवरील औषध म्हणून खपलें. उंदीर पाय उचलीत नव्हता, एवढें मात्र खरें.

तथापि ह्याच उंदरांनीं एक मोठें दालन उघडून दिलें. मेंदूंत व पृष्ठरज्जूंत ज्ञानपेशींखेरीज ज्या दुसऱ्या पेशी असतात त्यांस विर्शो ह्यानें 'सरस' अशा अर्थाचें नांव दिलें होतें. म्हणजे नुसत्या चिकटवणीच्या. १९१९ त माद्रिद येथें देल रिओ ओर्तेगा ह्यानें त्यांपैकीं एक निराळीच जात चांदीच्या रंगानें रंगवून दाखविली. ह्या मायक्रोग्लिया पेशी जखमेच्या ठिकाणीं धांवतात, कचरा गिळतात, म्हणजे मेचनिकॉफच्या फिरत्या पेशींच्या मेंदूंतील भाऊबंदच. २००३ त जपान व कॅनडा येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, पायाचा ज्ञानतंतु दुखावला तर दूर पृष्ठरज्जूंतील ह्या पेशी चवताळून उठतात, आणि त्यांच्यावरील एक विशिष्ट ग्राहक बंद केला तर उंदराचा हळवेपणा उतरतो. २००५ त त्यांची करणीहि उघड झाली. त्या एक द्रव्य सोडतात, त्यानें वेदनेचा संदेश पुढें नेणाऱ्या पेशींतील क्षारांचा तोल बिघडतो, आणि 'थांब' म्हणून आलेला निरोप 'चल' असा वाचला जातो. केल्ससनें कातडीवर पाहिलेला दाह असा पृष्ठरज्जूच्या आंत, लालीवांचून आणि सुजेवांचून, चालूं असतो.

आतां मघां सोडलेला धागा. मायक्रोग्लियावरील हे शोध गाजत असतांना मॉन्ट्रिअल येथील जेफ्री मोगिल, टोरोंटो येथील सॉल्टर व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१५ त एक साधा प्रश्न विचारला: हे सगळे प्रयोग नरांवरच कां झाले? माद्यांच्या ऋतुचक्रानें आंकडे अस्थिर होतील ह्या समजुतीनें वेदनेच्या प्रयोगांत बहुधा नर उंदीरच घेत असत. माद्या घेऊन पाहिलें तेव्हां तीच इजा, तितकाच हळवेपणा, परंतु मायक्रोग्लिया बंद केल्यानें त्यांस कांहीं फरक पडेना. त्यांच्यांत तें काम रक्तांतल्या निराळ्याच पेशी करीत असल्याचीं चिन्हें दिसलीं. दीर्घकाळच्या वेदनेनें पीडलेल्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते, हें तर दवाखान्यांतून सर्वांस माहीत होतें. तरी त्या वेदनेचें शास्त्र पुरुष-जातीच्या उंदरांवर रचलें गेलें आणि कोणास त्यांत वावगें वाटलें नाहीं! मिचेलच्या विश्रांतिगृहांतील दार असें शंभरावर वर्षें प्रयोगशाळेंतहि लावलेलेंच होतें. अमेरिकेंतील सरकारी संशोधन-संस्थेनें २०१६ पासून प्राण्यांवरील प्रयोगांत दोन्ही लिंगांचा विचार करावा अशी अट घातली, ती ह्या वादळानंतर.

वेदनेच्या अभ्यासासाठीं असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९७९ त वेदनेची एक व्याख्या ठरविली होती. २०२० त ती सुधारली, आणि तिच्याखालीं टीपांत असें घातलें कीं, माणूस जें दुखतें म्हणून सांगतो त्याचा मान राखावा. टीप म्हणून तें खालीं बारीक अक्षरांत आहे.

मातोश्रींकरितां अखेर दुसरे एक तरुण डॉक्टर भेटले. त्यांनीं जागा पाहण्याआधीं खुर्ची पुढें ओढली आणि "आजी, कसें दुखतें तें सांगा," म्हणाले. फेफऱ्यावर म्हणून निघालेलें एक औषध त्यांनीं थोड्या मात्रेनें सुरू केलें. मिरचीच्या सत्त्वाची पट्टी ह्या दुखण्यासाठीं २००९ पासून अमेरिकेंत मान्य आहे असें आम्ही त्यांस मोठ्या विद्वत्तेनें सांगितलें, तेव्हां ते हंसले, आणि मातोश्रींनीं "मिरची? मला?" म्हणून हात जोडले. आग निम्म्यावर आली आहे, पुरती गेलेली नाहीं. त्या आतां पदर खांद्यावरून न घेतां उजव्या हातानें पुढें धरून चालतात, आणि पंखा लावण्यापूर्वीं घरांतील मुलें त्यांस विचारतात.